बॉडी

फोनवर मी म्हटलं, "बॉडी घ्यायचीय, पण आधी बघून घेईन."
ओट्यावर सुकट निवडणारी आई दचकली,
"कोणाची गो?"

कॅमेऱ्याची, आई. लेन्स तीच राहणार.
डोळा जुना, धड नवं.

आत्ताचं धड नऊ वर्षांचं.
तीन लाख अकरा हजार वेळा त्याची पापणी मिटली आहे.
नागाव, थळ, कुर्डूस, पोयनाड,
प्रत्येक मैदानाची थोडी माती बटणांच्या फटीत.
उजवीकडचं रबर सुटलं, तिथे सायकलची ट्यूब बांधली.
खाऱ्या हवेने कार्डाच्या दाराचा स्क्रू हिरवा पडला.
पावसाळाभर ते तांदळाच्या डब्यात झोपतं
आणि भात टाकण्याआधी आई मला हाक मारते.

मार्चमध्ये रेवदंड्याला फायनल.
गुण बरोबरीत, शेवटची चढाई, प्रणोती.
डावा कोपरा तिच्या घोट्यात शिरला,
ती आडवी हवेत, हात मध्यरेषेकडे.
माझ्या एका फ्रेममध्ये बोटं रेषेच्या अलीकडे, वीतभर.
पुढच्या फ्रेममध्ये ती मातीत, हात पलीकडे,
पंचाचे गाल शिट्टीने फुगलेले.
मधे काही नाही.

दोन्ही संघ माझ्याभोवती, घामाचा वास, स्क्रीनवर डोकी.
"मागे घे. पुढे घे. आता मागे."
सेकंदाला सात. आठवं मी कुठून आणू?
"पण तू तर समोरच बसलेलीस ना!"
बसले होते.
पण खटका दाबला की आत आरसा उडतो
आणि खिडकीत काळोख होतो, तेवढ्यापुरता.
फोटो निघतो तेव्हा काढणारी आंधळी असते.
हे त्यांना कोण समजावणार, रात्री साडेबारा वाजता?

अलिबागच्या मुकरींनी काचेवर दोन ठेवल्या.
एक पुण्याच्या पेपरवाल्याची वापरलेली, आरशाची,
वरवंट्यासारखी जड, सेकंदाला अकरा.
दुसरीत आरसाच नाही. सेकंदाला तीस.
तिची किंमत ऐकून मी मनात हळदी मोजल्या :
दोन लग्नसराया, आणि वर एखादं बारसं.
"एक रात्र घेऊन जा," मुकरी म्हणाले,
"चप्पलसुद्धा चालून बघतो आपण."

आक्षीला नेली.
चढाई करणारीच्या डोळ्यावर हिरवा चौकोन बसला तो उठेचना.
मधून वडापाववाला गेला, तरी नाही.
काळोख नाही. आवाज नाही.
मी दाबत होते की नुसती बघत होते, मलाच कळेना.

मध्यंतरात प्रणोती आली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून.
"ताय, आज माजा येकपन नाय काढलास?"
चारशे काढले गो.
"मंग वाजला कसा नाय?
तुजी खटखट आयकली का मना कलतं,
काय तरी झालं."

रात्री तीनपर्यंत निवडत बसले.
दोन हजार सहाशे. एका स्पर्शाचे एकोणीस.
बोट रेषेकडे येतं, येतं, अजून येतंच आहे,
आणि हॅलोजनखाली बोटाआधी
बोटाची सावली रेषेला लागते.
सातव्यात की आठव्यात लागलं बोट, अजूनही ठरवता येत नाही.
रेवदंड्याला ही असती, तर भांडण
चार बोटांवरून एका नखावर आलं असतं.

मेनूत खूप आत एक ओळ सापडली : शटरचा आवाज.
खोटा. एक ते पाच.
पाचावर करून स्वयंपाकघरात दाबला.
टिक टिक, पाल चुकचुकल्यासारखा.
प्रणोती ह्याला हसेल.

दहा वाजता मुकरींचा फोन येणार.
हप्ते अठरा की चोवीस, विचारायचंय.
त्या जड बॉडीला गिऱ्हाईक आलंय का, हेही, सहज.

आई तांदळाचा डबा हलवते.
आत काहीतरी एका बाजूला घरंगळतं.
"हिला काढू का राहू दे?"